दाराला पाला नव्हता

विक्रमनगर, कोल्हापूर
११ जून १९९५

सौ. विजयमाला वहिनी यांना,

तुम्हाला जय जिनेंद्र आणि माझा जयभीम.

परवा बापूसो भाऊजी तुमच्या खोलीतलं उरलेलं सामान न्यायला टेम्पो घेऊन आले होते. त्यांच्याकडून कळलं, तुमचा खोकला गेला, बाळाचं वजन वाढतंय आणि नाव स्नेहल ठेवलंय. ऐकून हातातलं काम टाकून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. फार बरं वाटलं. गडहिंग्लजला आता सासर-माहेर दोन्ही जवळ, तेव्हा तुमचे हाल होणार नाहीत. आमच्या शेजारी मात्र कुलूप आहे.

तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी भेटायला यायला हवं होतं. आपल्या भागात जुलाबाची साथ होती, घरोघर क्लोरिनच्या गोळ्या वाटत फिरत होते. अकरा दिवसांत अर्धा तास मिळाला नाही का, असं तुम्ही म्हणाल. नाही मिळाला.

एक गोष्ट मनाला लागून राहिली म्हणून लिहिते. मार्चमध्ये तुम्ही आमच्या घरी येऊन प्रसेनजीतला मांडीवर घेतलंत, तेव्हा त्याला साधा ताप आहे असंच आम्हाला वाटत होतं. अंगावर फोड संध्याकाळी दिसले. कांजण्या आल्या की गल्लीतले बाकीचे लोक दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात, तसा आम्ही बांधत नाही. आमच्या सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात देवीचं काही होत नाही. नाहीतर दाराला पाला बघून तुम्ही बाहेरूनच परतला असता. पण आम्हालाच माहीत नव्हतं, तर पाला कुठून असणार.

बाळाला माझा पापा. अनेकांतला म्हणावं, त्याचा भोवरा प्रसेनजीतकडं राहिलाय, जपून ठेवलाय.

आपली
मीना कांबळे, आरोग्य सेविका
(हे सवयीनं लिहिलं गेलं, आता खोडत नाही.)


विक्रमनगर
४ एप्रिल १९९९

वहिनी,

चार वर्षांत उत्तर नाही. पत्र परत आलं नाही म्हणजे पत्ता बरोबर आहे, एवढं मला टपालवाल्यानं समजावून सांगितलं. म्हणून पुन्हा लिहिते. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

गेल्या आठवड्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारात तुमच्या सासूबाई भेटल्या. आक्कांनी मला ओळखलं, गवारीची पाटी सोडून माझा हात धरला. इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग म्हणाल्या, "आमच्या विजूला पोरांचा लई नाद. गडहिंग्लजहून येताना एस्टीत कुणाचं तरी आजारी पोर मांडीवर घेतलंतं म्हणं तिनं. तितनंच आणल्या कांजण्या. मरता मरता वाचली की ओ." मी बरं बरं म्हणत राहिले. आक्का गेल्यावर गवारीवाली म्हणाली, ताई, घेणार हाय का नुसतंच बघणार हाय. मी दोन किलो घेतली. आमच्यात गवार कुणाला आवडत नाही.

वहिनी, तुम्ही एस्टीत कुणाचं पोर घेतलं नव्हतं. माझं घेतलं होतं. दवाखान्यात तुम्हाला ऑक्सिजन लावलेला, आठवा महिना सरत आलेला, आणि तशात घरच्यांनी विचारल्यावर तुम्ही एस्टीचं नाव सांगितलंत. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. आरोग्य सेविकेच्या घरातून आजार गेला असं कुणी ऑफिसात लिहून दिलं असतं तर मी घरी बसले असते. आणि त्याहून वाईट म्हणजे गल्लीत बोललं गेलं असतं, ह्यांच्यात पाला बांधत न्हाईत म्हणून झालं. ते माझ्या एकटीला नाही, आमच्या सगळ्यांना ऐकावं लागलं असतं. तुमचे उपकार मला चार वर्षं माहीतच नव्हते. आता कळले, तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही गेल्यानंतर इथं काय काय झालं ते सांगते. मी हिंडताना दाराचे डहाळे मोजायची, तुम्हाला माहीत आहे. कांजण्या आल्या म्हणून कुणी दवाखान्यात कळवायला येत नाही, पण डहाळा मात्र न चुकता बांधतात. तेव्हा मी चालता चालता डहाळे मोजून वहीत गल्लीवार लिहायची. तुम्ही मला चेष्टेनं विचारायचा, "आज किती झाडं उगवली?" त्या वहीतून पुष्कळ कळलं. होळीच्या मागंपुढं डहाळे वाढतात, वळीव पडला की कमी होतात. दोन-तीन वर्षं थोडे असतात, मग एक वर्ष दारोदार दिसतात. जुन्या दाट गल्ल्यांत पाच-सात वर्षांची पोरं आजारी पडतात आणि आठवड्यात खेळायला लागतात. पण शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आलेल्या लोकांच्या खोल्यांत वीस-पंचवीस वर्षांचे गडी अंथरूण धरतात. वाडीवस्तीवरून आलेल्या गड्यांना लहानपणी झालेल्या नसतात, शहरात आले की गाठतात. आणि मोठ्या माणसाला त्या फार छळतात.

आमच्या डॉक्टर मॅडमना वही आवडली. त्यांनी वॉर्डाच्या नकाशावर ठिपके काढले आणि मला विचारलं, "मीनाबाई, तुमच्या गल्लीच्या खालच्या अंगाला एकही ठिपका नाही. तिथं कांजण्या येतच नाहीत का?"

तिथं आमची पंधरा घरं आहेत. कांजण्या येतात, डहाळा येत नाही. इतकी वर्षं मी स्वतःच्या घराला मोजलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांच्या घरात डोकावून सल्ले देत हिंडणारी मी, आणि माझ्याच दारापुढं आंधळी.

घरी आले आणि सासऱ्यांना म्हटलं, मामंजी, पाला नको तर दुसरं काहीतरी दाराला पाहिजे. येणाऱ्याला कळलं पाहिजे. त्यांनी बिडी विझवली. मग प्रसेनजीतची शाळेची पाटी मागून घेतली आणि म्हणाले, "पाटी चालंल. पाटीवर अक्षरं हायत, देव न्हाय." प्रसेनजीतनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरात कांजण्या आहेत. गरोदर बाईने आत येऊ नये.' ती पाटी आमच्या पंधरा घरांत फिरते. ज्याच्याकडं आजार, त्याच्या दाराला पाटी. गंमत म्हणजे वरच्या अंगाचे लोकही यंदा मागून नेतात. डहाळाही बांधतात आणि खाली पाटीही लावतात. बायडाबाईंच्या सुनेनं तर पाटीला हळद-कुंकू लावलं. सासऱ्यांनी ती धुतली आणि पुढच्या घरी दिली.

आता कांजण्यांवर लसही निघाली आहे. आमच्या सरकारी यादीत नाही, पण राजारामपुरीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडं मिळते. महाग आहे. गरोदरपणात देत नाहीत, आधीच घ्यावी लागते. हे वाचताना मनात काय आलं असेल ते मी ओळखते. माझ्याही आलं.

स्नेहल आता शाळेत जाईल. तिचा एखादा फोटो असला तर पाठवा. नाही पाठवला तरी राग नाही.

आपली
मीना


विक्रमनगर
२० मार्च २००४

वहिनी,

गुरुवारी फोनवर तुम्ही एवढंच बोललात, "न्हाय झाल्या त्याला. तवा तो हितं गडहिंग्लजला हुता. बघा त्याला." आणि फोन ठेवलात. नऊ वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. एसटीडीवाला म्हणाला, मावशी, बोलणं झालं का? मी म्हटलं, झालं, पुष्कळ झालं.

आता सगळं नीट सांगते, म्हणजे तुमचा जीव खाली पडेल.

आमच्या मागच्या चाळीत शिरोलीला कामाला जाणाऱ्या चार पोरांची खोली आहे. बुधवारी पाटी न्यायला कुणीतरी आलं तेव्हा कळलं, त्या खोलीतला कृष्णात तापानं फणफणलाय. राधानगरीकडचा पोरगा, एका रात्रीत अंगभर फोड, घशात सुद्धा. बाकीचे तिघे त्याच्या उशाशी बसून त्याला गोळीसोडा पाजत होते. त्या तिघांत एकजण असा बसलेला की मी दारातच थांबले. नाक तुमचं आणि बसायची ढब भाऊजींची. मी विचारलं, बाळ, तू गडहिंग्लजचा का? तो म्हणाला, "व्हय मावशी, अनेकांत. तुमी प्रसेनच्या आई न्हवं? मी दोन महिने झालं हितंच हाय. यीन यीन म्हणत ऱ्हायलं."

वीस वर्षांचा तुमचा पोरगा माझ्या घरापासून पन्नास पावलांवर दोन महिने राहतोय आणि मला पत्ता नाही. बाकी सगळ्या जगाचा ठावठिकाणा माझ्या वहीत.

त्याला विचारलं, तुला लहानपणी कांजण्या झाल्यात का? तो म्हणाला, "आईलाच ठावं. आमच्या घरात त्याचं नाव काढत न्हाईत." म्हणून गुरुवारी सकाळी उठून पहिला फोन तुम्हाला केला. आजाऱ्याजवळ राहिल्यापासून तीन दिवसांत लस दिली तर आजार बहुतेक टळतो, नाहीतर सौम्य होतो, असं आमच्या मॅडमनी सांगितलं होतं. कृष्णातच्या अंगावर बुधवारी पहिले फोड होते. दिवस हातात होते, पण थोडे होते.

फोन ठेवला तशी अनेकांतला कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली आणि राजारामपुरीला नेलं. तिथं बाकावर सगळी लंगोटीतली पोरं, आणि मध्ये मिशावाला तुमचा लेक. एका बाईनं त्याला विचारलं, तुमचं बाळ कुठाय? तो माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, ह्यांचं बाळ मीच हाय. दंडावर टोचून घेताना डोळे घट्ट मिटले होते, हे त्यानं तुम्हाला सांगू नका म्हटलंय. दुसरा डोस सहा आठवड्यांनी, २९ एप्रिलला, गुरुवारी. आता तीन आठवडे वाट बघायची. मी रोज त्याची पाठ-पोट तपासते. खोलीतला दुसरा एक पोरगाही टोचून घ्यायला तयार झाला. तिसरा म्हणाला, माझ्या आज्जीनं सांगितलंय मला झाल्यात. आज्जीला विचारायला माणूस पाठवलाय.

हे झालं अनेकांतचं. आता माझं.

तुम्ही फोनवर म्हणालात, बघा त्याला. ज्या बाईच्या घरात तुमचा जीव जाता जाता राहिला तिला तुम्ही मुलगा सोपवलात. म्हणून मला आता खोटं घेऊन बसवत नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, प्रसेनजीतचे फोड संध्याकाळी दिसले. दुसऱ्या पत्रात तुमचे आभार मानले, पण ते खोटं तसंच राहू दिलं. वहिनी, फोड मी सकाळीच बघितले होते. आंघोळ घालताना पोटावर दोन आणि बगलेत एक, पाण्याच्या थेंबासारखे. ते काय आहेत हे मला तुमच्यापेक्षा, गल्लीपेक्षा, कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. गरोदर बाईच्या फुप्फुसात ते उतरू शकतात हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. वहीत लिहिलेलं होतं.

आपण आठ वर्षं शेजारी होतो. तुमची वाटी माझ्या दारात यायची, माझी तुमच्या दारात. तुमच्या वाटीत शिरा असायचा, माझ्या वाटीत शेंगा नाहीतर गूळ. शिजवलेलं मी कधी दिलं नाही आणि तुम्ही कधी मागितलं नाही. आमच्यात बांगडा शिजतो, तेवढं कारण दोघींना पुरेसं होतं. त्याच्यामागचं दुसरं कारण आपण कधी बोललो नाही. आठ वर्षांत तुम्ही आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

आणि त्या दिवशी आलात. "पोरगं सकाळधरनं का रडतंय ओ?" म्हणत सरळ आत आलात, सतरंजीवर बसलात, प्रसेनजीतला ओढून मांडीवर घेतलंत. मी चुलीजवळ उभी. तोंडापर्यंत शब्द आले होते, वहिनी, बाहेर व्हा. आमच्या सासऱ्यांना लहानपणी सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, बाहेर थांब. शाळेत बाहेर, विहिरीवर बाहेर, दुकानात बाहेर. ते शब्द मला माझ्या घरात, पहिल्यांदा आत आलेल्या माणसाला, म्हणवेनात. मग तुम्ही पाणी मागितलंत. मी तांब्याभांडं दिलं. तुम्ही तोंड लावून प्यायलात. मला इतका आनंद झाला वहिनी, की मी गप्प बसले. तुमच्या पोटाकडं बघत होते आणि गप्प बसले.

दवाखान्यात मी दोनदा आले होते. वॉर्डाच्या दारापर्यंत. काचेतून तुमच्या तोंडावरची नळी दिसली आणि परत फिरले. जुलाबाची साथ वगैरे खरी होती, पण कारण ते नव्हतं.

तुम्ही जगलात, स्नेहल नीट जन्मली, म्हणून मी आज हे लिहू शकते. नाहीतर कुणाला लिहिलं असतं. माफ करा असं लिहीत नाही, तो तुमचा प्रश्न. मी फक्त खरं काय ते तुमच्याकडं पोचवते. अनेकांतची काळजी करू नका.

मीना


विक्रमनगर
१७ एप्रिल २००४

वहिनी,

आधी महत्त्वाचं. तीस दिवस झाले. अनेकांतच्या अंगावर कोपरापाशी मोजून तीन फोड आले, ताप नाही, दुसऱ्या दिवशी कामावर जातो म्हणून माझ्याशी भांडला. खपल्या पडेपर्यंत सोडला नाही. कृष्णात बरा आहे, चेहऱ्यावर व्रण राहिलेत, लग्नाचं काय म्हणून रडतो. ज्याच्या आज्जीनं झाल्या म्हणून सांगितलं होतं त्याला झाल्या नव्हत्या. आज्जीनं गोवरालाच कांजण्या धरलं होतं. तो अजून पडून आहे, पण सुधारतोय.

आता तुमच्या पत्राचं. अनेकांतनं आणून दिलं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांना आता दिसत नाही. तुम्ही लिहिलंय ते मी इथं पुन्हा उतरवून काढते, कारण माझ्या हातानं लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही:

"मीनाबाई, तुमच्या पोरानं मांडीवर बसून पोट खाजवलं. मी सदरा वर करून बघितलं. माझ्या धाकट्या भावाला झाल्या होत्या, मी ओळखल्या. मला लहानपणी झाल्यात असं आई म्हणायची, पण ती सगळ्याच भावंडांचं एकमेकांत घालायची, मला खात्री नव्हती. उठावं असं वाटलं. मग मनात आलं, आठ वर्षांत पहिल्यांदा आत आले आणि लगेच उठले, तर मीनाबाईंना वाटेल की वेगळ्याच कारणानं उठली. ते तुम्हाला वाटायला नको होतं. म्हणून बसून राहिले. पाणी मी त्यानंतर मागितलं."

आणि पुढं, "मला राग आजाराचा नव्हता. तुम्ही भेटायला आला नाहीत त्याचा होता. दारापर्यंत येऊन परत गेलात हे वाचून तर आणखी आला. पण तो असा, की आता तुमच्यासमोर बसूनच काढीन. आणि गरोदर बाईला काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं. तेव्हा चूक दोघींची असली तरी तुमची थोडी मोठी. हे लक्षात असू द्या."

लक्षात आहे. थोडी नाही, पुष्कळ मोठी. पण तुमच्या 'दोघींची' या शब्दावर मी पंधरा दिवस जगते आहे. नऊ वर्षं मला वाटायचं, त्या सतरंजीवर मला एकटीलाच काही माहीत होतं. तुम्ही शेजारी बसून तेच बघत होता. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघीबी येड्या. एकीनं तरी तोंड उघडायचं की." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पाणी मागितलं म्हणं तिनं." आणि डोळे पुसले.

२९ तारखेला अनेकांतच्या दुसऱ्या डोसाला तुम्ही येताय, स्नेहलला घेऊन. भाऊजींना सुट्टी मिळाली तर त्यांनाही आणा. गडहिंग्लजहून सकाळची एस्टी धरली तर दहाला स्टँडवर पोचाल. प्रसेनजीत घ्यायला येईल. पंधरा वर्षांचा झालाय, तुमच्या मांडीवर मावणार नाही. भोवरा काढून ठेवलाय. स्वयंपाक मी करीन, कांदा-लसूण न घालता, नवी भांडी नाहीत, आहेत तीच. शेंगा आणि गूळ देऊन तुम्हाला परत पाठवणार नाही.

पाटी सध्या कुणाकडं नाही, आमच्याच दाराला टांगलीय, कोरी. तुम्ही आलात की ती बघा. आणि मग उंबऱ्याशी दोन क्षण थांबा. मागच्या वेळी तुम्ही न विचारता सरळ आलात, त्यामुळं मला जे म्हणायचं होतं ते म्हणायलाच मिळालं नाही. या वेळी मला म्हणू द्या.

वहिनी, आत या.

तुमची
मीना